परतणाऱ्याचे घर : भोजपुरी, मल्याळम आणि मराठी साहित्यातील पुनरागमनाचे रूपबंध

परदेशी गेलेल्या माणसाची वाट पाहणे हा भारतीय काव्यपरंपरेतील फार जुना विषय आहे. नाट्यशास्त्रात सांगितलेल्या आठ नायिकांपैकी प्रोषितभर्तृका ही पती प्रवासाला गेलेली नायिका होय. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'तील महाराष्ट्री प्राकृत गाथांमध्ये पथिक आणि त्याची मागे राहिलेली पत्नी ही जोडी पुनःपुन्हा भेटते. या गाथांतील स्त्रिया अवधीचे दिवस मोजतात आणि पावसाळी ढग पाहून धास्तावतात. पुढे उत्तर भारतीय भाषांतील 'बारहमासा' या काव्यप्रकाराने या प्रतीक्षेला वर्षाच्या बारा महिन्यांची चौकट दिली. प्रतीक्षेला असे नाव, रस आणि छंद मिळाला; मात्र पती परत आल्यानंतर त्या घरात काय घडते, याला भरताच्या आठ नायिकांत स्वतंत्र स्थान नाही. उत्तरकालीन रसविचारात आणि रीतिपरंपरेत 'आगतपतिका' ही नायिका आढळते, परंतु तिचे वर्णन बहुधा भेटीच्या क्षणाच्या हर्षापाशी थांबते.

ग्रीक परंपरेत याउलट पुनरागमनालाच स्वतंत्र नाव आहे. 'नोस्तोस' म्हणजे युद्धावरून घरी परतणे. 'ओडिसी'च्या चोवीस सर्गांपैकी तेराव्या सर्गातच नायक आपल्या बेटावर पोहोचतो आणि काव्याचा जवळजवळ अर्धा भाग घरी पोहोचल्यानंतरच्या घडामोडींचा आहे. वीस वर्षांनी आलेल्या त्या पुरुषाला कुत्रा आपोआप ओळखतो, जुनी दाई पायावरच्या व्रणावरून ओळखते आणि पत्नी मात्र पलंगाच्या रहस्याची कसोटी लावल्यावाचून त्याचा स्वीकार करीत नाही. भारतीय परंपरेत परतल्यानंतरचे घर मुळीच नाही असे नव्हे. रामायणाच्या उत्तरकांडात ते आहे आणि अतिशय दारुण स्वरूपात आहे. परंतु ते राजाचे घर आहे. पोटासाठी दूर गेलेल्या सामान्य माणसाच्या परतण्याला रूपबंध देण्याचे काम मुख्यतः आधुनिक भारतीय भाषांना करावे लागले.

हे काम निरनिराळ्या भाषांनी निरनिराळ्या प्रकारे केले. ही भिन्नता लेखकांच्या प्रतिभेतील किंवा प्रादेशिक स्वभावातील फरकातूनच आली, असे मानणे अपुरे आहे. माणूस कोणत्या अटींवर घराबाहेर पडला, यावर त्याच्या परतण्याची गोष्ट कशी सांगितली जाईल हे पुष्कळ अंशी ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी भोजपुरी, मल्याळम आणि मराठी या तीन भाषांतील काही कृतींचा येथे विचार केला आहे.

१. जाण्याच्या अटी

प्रथम शब्दांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. भोजपुरीतील 'बिदेस' हा शब्द कलकत्ता आणि आसामपासून मॉरिशस व फिजीपर्यंत कोणत्याही दूरस्थानासाठी वापरला गेला; राजकीय सीमा ओलांडली की नाही, हा प्रश्न त्या शब्दाच्या दृष्टीने गौण आहे. मल्याळममध्ये 'प्रवासी' म्हणजे घरापासून दूर, विशेषतः आखाती देशांत, राहणारा माणूस. मराठीत मात्र हाच शब्द एसटीत बसलेल्या कोणालाही लागू पडतो. दूर वास्तव्य करणे हा त्याचा मूळ संस्कृत अर्थ मराठीत मागे पडला आहे. मराठीत 'परदेशी' हे विशेषण दीर्घकाळ उत्तरेतून येऊन महाराष्ट्रात स्थिरावलेल्यांनाही लावले जात असे. कोकणातून मुंबईस गेलेल्याला मिळालेले 'चाकरमानी' हे नाव अंतराचा निर्देश करीत नाही, नोकरीचा करते. दूर जाणे आणि परतणे यांच्या कल्पना भाषागणिक कशा बदलतात, याची ही पहिली खूण होय.

प्रत्यक्ष अटींचे ढोबळ मानाने तीन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारात परतण्याची तारीखच नसते. १८३४ पासून मॉरिशसला आणि नंतर त्रिनिदाद, सुरिनाम, फिजी अशा वसाहतींना गेलेले गिरमिटिये सामान्यतः पाच वर्षांच्या करारावर जात. १९१७ मध्ये ही भरती थांबेपर्यंत गेलेल्यांपैकी बहुसंख्य तिकडेच राहिले. त्याच भोजपुरी प्रदेशातून कलकत्त्याच्या तागाच्या गिरण्यांत किंवा आसामच्या मळ्यांत गेलेल्यांना परतीची वाट मोकळी होती, पण घरी राहिलेल्यांच्या दृष्टीने त्यांची अनुपस्थितीही तितकीच बेमुदत असे. दुसरा प्रकार आखाती नोकरीचा. १९७३ मधील तेलाच्या दरवाढीनंतर तेथे मनुष्यबळाची मागणी वाढली. कामगाराचे वास्तव्य कफाला पद्धतीनुसार पुरस्कर्त्या मालकाशी बांधलेले असे. त्या पद्धतीत पुढे काही देशांनी बदल केले, तरी सामान्य कामगाराला तेथील नागरिकत्व मिळण्याची वाट जवळजवळ बंदच राहिली. म्हणजे येथे परतणे निश्चित असते, केवळ केव्हा ते ठाऊक नसते; मधल्या काळात ठरावीक वर्षांनी रजा मिळते. तिसरा प्रकार अमेरिकेचा. १९६५ च्या तेथील स्थलांतरविषयक कायद्यानंतर डॉक्टर, अभियंते, संशोधक यांना स्थायिक होण्याची आणि पुढे नागरिक होण्याची वाट खुली झाली. येथे परतणे ऐच्छिक ठरते.

बेमुदत अनुपस्थिती, निश्चित परंतु पुढे ढकलले जाणारे परतणे आणि ऐच्छिक परतणे या तीन परिस्थितींतून अनुक्रमे हक्काचा, हिशेबाचा आणि निर्णयाचा प्रश्न उभा राहतो. साहित्यात त्यांचे पडसाद कसे उमटले, हे आता पाहता येईल.

२. भोजपुरी : हक्काचा वाद

भिखारी ठाकूर (१८८७–१९७१) यांचा जन्म बिहारमधील सारण जिल्ह्यातील कुतुबपूरचा. जातीने न्हावी असलेल्या ठाकूरांनी तरुणपणी पोटासाठी खरगपूरची वाट धरली होती. गावी परतून त्यांनी नाटकमंडळी उभी केली. त्यांच्या 'बिदेसिया' या नाटकाने एका संपूर्ण नाट्यशैलीला नाव दिले. त्यात प्यारी सुंदरी ही मागे राहिलेली पत्नी बटोही या वाटसरूबरोबर निरोप पाठवते, बटोही कलकत्त्यात तिच्या नवऱ्याला शोधतो आणि तो घरी येतो. येथवर ही जुन्या विरहकाव्याचीच रचना आहे. संदेश नेणाऱ्या मेघाची जागा वाटसरूने घेतली आहे, इतकेच. परंतु नाटक भेटीपाशी संपत नाही. शहरात त्या पुरुषाने मांडलेला दुसरा संसार, म्हणजे ती स्त्री आणि तिची मुले, त्याच्यामागोमाग गावात येतात. परतणारा एकटा येत नाही, तो दूर काढलेली वर्षे बरोबर घेऊन येतो, हे 'बिदेसिया' स्पष्ट करते.

'गबरघिचोर' या नाटकात ठाकूर याच्याही पुढे जातात. गलीज लग्नानंतर पत्नीला गावी ठेवून कमाईला जातो आणि वर्षानुवर्षे तिची विचारपूस करीत नाही. मधल्या काळात गावातील गडबडी या पुरुषापासून तिला मुलगा होतो. गबरघिचोर हे त्या मुलाचे नाव. मुलगा कळता झाल्यावर गलीज परत येतो, तो पत्नीसाठी नव्हे तर मुलाला शहरात घेऊन जाण्यासाठी. गलीज, गडबडी आणि आई असे तिघे दावेदार पंचापुढे उभे राहतात. आई आपला दावा घरगुती दृष्टान्ताने मांडते. दूध घरचे होते, विरजण तेवढे बाहेरचे. मग दही कोणाचे, असा तिचा प्रश्न आहे. मुलाचे तीन तुकडे करून वाटून घ्यावेत असा निवाडा पुढे येतो, तेव्हा आईच आपला वाटा सोडण्यास तयार होते आणि मुलगा अखेर तिला मिळतो.

या नाटकाची तुलना ब्रेश्टच्या 'कॉकेशियन चॉक सर्कल'शी अनेकदा झाली आहे, तसेच शलमोन राजाच्या न्यायाशीही त्याचे साम्य आहे. परंतु या तुलनेत एक महत्त्वाचा फरक झाकला जाण्याचा संभव असतो. ब्रेश्टच्या नाटकात वाद जन्मदाती आणि सांभाळकर्ती यांच्यात आहे. भिखारी ठाकूरांच्या नाटकात जन्म देणारी आणि सांभाळणारी एकच आहे, आणि वाद तिच्यात व परतून आलेल्या नवऱ्यात आहे. त्यामुळे न्यायाचा विषय मातृत्वापुरता राहत नाही. अनुपस्थितीच्या काळात घराने जे घडवले त्यावर परतणाऱ्याचा अधिकार किती, हा या नाटकाचा खरा प्रश्न आहे. शास्त्र आणि रूढी यांनी पतीला दिलेला हक्क नाटक पंचासमोर उभा करते आणि तो तेथे टिकत नाही. पती घरी येताच संपणाऱ्या प्रोषितभर्तृकेच्या कथेत या स्त्रीला बोलायला जागाच नव्हती. ती जागा लोकनाट्यातील पंचायतीच्या प्रसंगाने निर्माण केली.

समुद्रापार गेलेल्यांच्या बाबतीत हा प्रश्न उलट्या दिशेनेही पुढे आला. तोताराम सनाढ्य १८९३ मध्ये फिजीला गेले आणि १९१४ मध्ये परतले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'फिजी द्वीप में मेरे इक्कीस वर्ष' या हिंदी पुस्तकाचा भर तेथील मजुरांच्या हालांवर आहे आणि गिरमिट प्रथेविरुद्धच्या जनमतात त्याचा मोठा वाटा आहे. मात्र परतलेल्या सर्वांना गावाने सामावून घेतले नाही. जातिबहिष्कार, वाटणीतून वगळले गेलेले नाव, ओळखीचे कोणी न उरणे अशा कारणांनी वसाहतींतून आलेले अनेक जण कलकत्त्याजवळील मटियाबुर्ज येथे हालाखीत राहू लागले आणि पुन्हा जहाजावर चढण्याची संधी शोधू लागले. बनारसीदास चतुर्वेदी आणि भवानीदयाल संन्यासी यांनी १९३१ मध्ये परतलेल्यांच्या प्रश्नावर अहवाल लिहिला. 'गबरघिचोर'मध्ये घराचा न्याय मागे राहिलेल्या स्त्रीच्या बाजूने होतो. मटियाबुर्जमध्ये घराचे दार परतणाऱ्यावर बंद होते. बेमुदत अनुपस्थितीत घर थांबून राहत नाही, हे दोन्ही ठिकाणी सारखेच आहे.

३. मल्याळम : रजा आणि हिशेब

केरळातील परिस्थितीत परतणे ही एकदाच घडणारी गोष्ट नाही. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेच्या १९९८ च्या सर्वेक्षणानुसार देशाबाहेर असलेल्या केरळीयांची संख्या सुमारे १३.६ लाख आणि परतून आलेल्यांची सुमारे ७.४ लाख होती. म्हणजे बाहेर असलेल्या प्रत्येक दोघांमागे एकाहून अधिक माणूस परतलेला होता. शिवाय बाहेर असलेलाही रजेवर येऊन जात असतो. अशा समाजात प्रतीक्षा आणि भेट यांचे चक्र सतत फिरत राहते. घर न मोडता वर्षानुवर्षे अर्धे राहते. लीला गुलाटी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुरुषांच्या अनुपस्थितीत केरळातील स्त्रियांचे जीवन कसे बदलले याची मांडणी आहे. पैसा हाताळणे, बँकेचे व्यवहार, घराचे बांधकाम ही कामे अनेकींच्या वाट्याला प्रथमच आली.

या स्थितीचा पहिला मोठा वाङ्मयीन आविष्कार पुन्हा गीतातच झाला. माप्पिळ गीतपरंपरेत पत्ररूप गीतांचा प्रकार पूर्वीपासून होता. एस. ए. जमील यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात 'दुबई कत्तु पाट्टु', म्हणजे दुबईला लिहिलेल्या पत्राचे गीत, रचले. त्यात तरुण पत्नी आखातातील पतीला आपला एकाकीपणा, देहाची ओढ आणि पैशाने न भरणारी पोकळी निःसंकोचपणे सांगते. हे गीत प्रोषितभर्तृकेच्या परंपरेतील आहे हे उघड आहे, परंतु दोन बाबतींत ते वेगळे आहे. पत्नी येथे केवळ विरह सांगत नाही, तर पाठवलेला पैसा आणि गमावलेला सहवास यांची तुलना करते. दुसरे म्हणजे, जमील यांनी पतीच्या उत्तराचेही गीत लिहिले. जुन्या परंपरेत बहुधा मूक राहणारा पथिक येथे बोलतो. मागे राहिलेली आणि दूर गेलेला यांच्यात जाबसाल सुरू होतो.

हा हिशेब चित्रपटाने पुढे नेला. सत्यन अंतिक्काड दिग्दर्शित आणि श्रीनिवासन लिखित 'वरवेल्पु' (१९८९) या चित्रपटाच्या नावाचा अर्थ 'स्वागत' असा आहे आणि त्यातील उपरोध उघड आहे. सात वर्षे आखातात राबून कायमचा परतलेला मुरली साठवलेल्या पैशातून बस विकत घेतो. रजेवर येत असताना भेटवस्तूंमुळे आपुलकीने वागणारे नातलग तो कायमचा आला आहे हे कळताच बदलतात. बसचा व्यवसायही बुडतो. या चित्रपटाची चर्चा बहुधा कामगार संघटनांवरील टीकेच्या अंगाने झाली आहे. पुनरागमनाच्या दृष्टीने पाहता त्यातील अधिक मूलभूत निरीक्षण हे की, रजेवर येणारा आणि कायमचा येणारा या घराच्या लेखी दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. पहिला पाहुणा असतो, दुसरा वाटेकरी.

सलीम अहमद यांच्या 'पत्तेमारी' (२०१५) मध्ये हाच हिशेब एका संपूर्ण आयुष्याला लावला आहे. पत्तेमारी म्हणजे कोकण किनाऱ्यावरही फत्तेमारी या नावाने परिचित असलेले शिडाचे गलबत. अशा गलबतातून सुरुवातीच्या काळात चोरून गेलेल्या नारायणन या माणसाची ही कथा आहे. दर रजेत तो तिथली हलाखी लपवतो आणि घरच्यांना तो सुखी वाटत राहतो. त्यामुळेच त्याला परतण्याची मुभा मिळत नाही. प्रेमापोटी सांगितलेले खोटे त्याच्या परतीच्या आड येते. अखेर त्याचा मृतदेहच घरी येतो.

बेन्यामिन यांच्या 'आडुजीवितम्' (२००८) या कादंबरीत परतण्याचे वर्णनच नाही, ही लक्षणीय बाब आहे. नजीब गरोदर पत्नीला सोडून सौदी अरेबियाला जातो आणि वाळवंटातील शेळ्यांच्या गोठ्यात तीनहून अधिक वर्षे गुलामासारखा अडकतो. तेथे तो मनातल्या मनात पत्नीला पत्रे लिहितो आणि त्यांत सारे कुशल असल्याचे कळवतो. म्हणजे 'दुबई कत्तु पाट्टु'तील पत्राचा हा अगदी उलटा टोकाचा आविष्कार आहे. ते पत्र कधीच पोहोचणार नाही, तरीही त्यात खरे लिहिण्याचे धाडस होत नाही. सुटकेनंतर नजीब स्वतःला अटक करवून घेतो, कारण तुरुंगातून होणारी पाठवणी हाच त्याला उरलेला घरचा रस्ता असतो. कादंबरी त्या पाठवणीपाशी संपते. घर गाठल्यावर त्याने काय सांगितले, न पाहिलेल्या अपत्याशी त्याची ओळख कशी झाली, हे वाचकाला कळत नाही. ज्या अनुभवाचा हिशेब घराला देताच येणार नाही, त्याच्यासाठी पुनरागमनाचा प्रसंग लिहिणे कादंबरीने नाकारले आहे, असे म्हणता येईल.

४. मराठी : परतण्याचा निर्णय

मराठीत परतण्याच्या कथेची दोन केंद्रे दिसतात, मुंबई आणि अमेरिका. मुंबईचा विचार करताना अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड महत्त्वाची ठरते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील या रचनेत विरह पुरुषाच्या तोंडी आहे. मागे राहिलेली स्त्री बोलत नाही, शहरात आलेला कामगार बोलतो. पुढे हा विरह बेळगाव, कारवार, डांग अशा राज्याबाहेर राहिलेल्या प्रदेशांच्या विरहाशी जोडला जातो. भोजपुरीत घरातील हक्काचा वाद झालेला विषय मराठी शाहिरीत भूमीवरील हक्काची मागणी होतो, हा फरक तुलनेसाठी मोलाचा आहे.

महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) या नाटकात मुंबईला गेलेला सुधीर वडिलांच्या निधनानंतर विदर्भातील धरणगावच्या वाड्यात येतो. तो काही दिवसांसाठीच आला आहे आणि दिवसकार्याच्या खर्चाच्या निमित्ताने त्याच्या व घरी राहिलेल्या भावाच्या बाजू मांडल्या जातात. दूर गेलेल्याला सुख लाभले असे घरच्यांना वाटते. घरी राहिलेल्याला वाडा आणि जमीन लाभली असे दूर गेलेल्याला वाटते. 'पत्तेमारी'तील गैरसमजाचेच हे मराठी रूप होय, मात्र येथे कोणीही प्रेमाने खोटे बोलत नाही, प्रत्येकजण आपला हिशेब उघडपणे मागतो. याच नाट्यत्रयीतील 'युगान्त'मध्ये पुढच्या पिढीतील, परदेशी गेलेला अभय दुष्काळाने उजाड झालेल्या त्याच गावी येतो. तोवर परत येण्यासारखे घरच उरलेले नाही.

अमेरिकेच्या संदर्भात जयवंत दळवी यांचे १९७०च्या दशकातील 'संध्याछाया' हे नाटक निर्णायक आहे. नाना आणि नानी या वृद्ध दांपत्याचा थोरला मुलगा अमेरिकेत आहे, धाकटा वायुदलात. धाकटा युद्धात मारला जातो. थोरला तिकडेच संसार थाटतो. नाटकात परतणारा रंगमंचावर येतच नाही. मुलाला कोणी अडवलेले नाही, मालकाने पारपत्र काढून घेतलेले नाही, विमानाचे भाडे आवाक्याबाहेरचे नाही. त्यामुळे न येणे हा नशिबाचा भाग राहत नाही, तो मुलाचा निर्णय ठरतो आणि आईवडिलांना त्याचा अर्थ लावत बसावे लागते. आयुष्य संपवण्याचा त्यांचा निर्णय या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. प्रोषितभर्तृकेची जागा येथे वृद्ध आईवडिलांनी घेतली आहे, कारण ज्या स्थलांतरात पत्नी बरोबर जाऊ शकते, तेथे प्रतीक्षेचे ओझे मागील पिढीवर पडते. आखाती स्थलांतरात अल्प उत्पन्नाच्या कामगाराला कुटुंब नेण्याची मुभा नसे, म्हणून मल्याळम गीतात पत्नी बोलते. मराठी नाटकात आई बोलते.

येथे मराठीतील एक उणीवही नोंदवणे आवश्यक आहे. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरील कोकणी मुसलमान समाजातून पिढ्यानपिढ्या माणसे जहाजावर, पूर्व व दक्षिण आफ्रिकेत आणि पुढे आखातात जात आली. परतणे आणि पुन्हा जाणे यांचे केरळसारखेच चक्र या घरांनी अनुभवले आहे. तरीही मुख्य प्रवाहातील मराठी समीक्षेत परदेशगमनाची चर्चा प्रामुख्याने अमेरिकेला गेलेल्या मध्यमवर्गाभोवतीच फिरत राहिली. परतणे हा ऐच्छिक निर्णय मानण्याची मराठी सवय अंशतः या निवडीतून आलेली आहे.

५. समारोप

वरील विवेचनातून काही गोष्टी पुढे येतात. पुनरागमन हा एकच आशय नसून जाण्याच्या अटींनुसार त्याचे प्रश्न बदलतात आणि त्यांबरोबर रूपबंधही बदलतात. बेमुदत अनुपस्थितीने भोजपुरीत पंचायतीचे नाट्य घडवले, रजेच्या चक्राने मल्याळममध्ये पत्रगीत आणि हिशेबाची कथा घडवली, आणि ऐच्छिक परतण्याने मराठीत परतणाऱ्यावाचून घडणारे नाटक घडवले. या सीमारेषा अभेद्य नाहीत. 'वाडा चिरेबंदी'मधील हिशेब मल्याळम कृतींच्या जवळ जातो, तर 'गबरघिचोर'मधील वाद कोणत्याही काळातील आखाती घराला परका नाही.

डायस्पोरा साहित्याच्या प्रचलित अभ्यासात दूर गेलेल्याची स्मृती आणि यजमान देशातील त्याची ओळख यांना मध्यवर्ती स्थान असते. भिखारी ठाकूर, जमील आणि दळवी यांच्या या कृतींत मात्र घरी राहिलेल्यांचे बोल मध्यवर्ती आहेत. त्यांच्या दृष्टीने गेलेल्या माणसाची वर्षे आणि घराची वर्षे एकाच वेळी, पण वेगवेगळी मोजली जात होती. ऑगस्ट १९९० मधील इराकी आक्रमणानंतर कुवेत व इराकमधून सुमारे १.७ लाख भारतीय विमानांनी परत आणले गेले, आणि मे २०२० मध्ये महासाथीच्या काळातील पहिली विमाने अबुधाबी व दुबईहून केरळात उतरली. या दोन्ही प्रसंगी परतण्याची तारीख ना माणसाने ठरवली ना मालकाने, ती आपत्तीने ठरवली. पत्राला वेळ नाही, रजेची तयारी नाही आणि साठवलेला पैसाही हाती नाही, अशा या चौथ्या प्रकारच्या परतण्याला भारतीय भाषा कोणता रूपबंध देतात, हे पाहताना विमानतळावरील स्वागताच्या चित्रांपेक्षा त्यानंतरच्या वर्षांतील घरांचे लेखन, विशेषतः स्त्रियांचे लेखन, तुलनाकारांना अधिक सांगू शकेल.